फुकटचा धूर

सिगारेट ओढणारी मंडळी स्वभावाने फार उदार. पाकीट स्वतःच्या पैशाने घेतात आणि धूर साऱ्या घराला फुकट वाटतात. घेणाऱ्याला तो हवाय का, तेवढं विचारायचं राहून जातं.

बाहेर या औदार्याला आता वाव उरला नाही. मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करायला मनाई केली. २००३ मध्ये कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून नियम कडक झाले. एस.टी.त, थिएटरात, कचेरीत पेटवलीत की दोनशे रुपयांपर्यंत दंड! मग सगळीकडून हाकललेला हा धूर जाणार कुठे? घरी! कायदा आमच्या पनवेलच्या घराच्या उंबऱ्याबाहेर अदबीने थांबतो. धूर मात्र सरळ आत येऊन गादीवर लोळतो.

आमच्या एका मेव्हण्यांना मी हे सुनावलं. ते म्हणाले, "भाऊजी, तळोज्याच्या कारखान्यांचा आणि कळंबोलीच्या ट्रकांचा धूर खाताच ना? मग माझ्या एका सिगारेटीने काय आभाळ कोसळणार आहे?"

कबूल. पण कळंबोलीचा ट्रक आमच्या सोफ्यावर पाय पसरून, सहा महिन्यांच्या नातवाला मांडीवर घेऊन धूर सोडतोय, असं दृश्य मी अजून पाहिलेलं नाही.

दुसरा मुद्दा डासांचा. म्हणे धुराने डास पळतात! जे पनवेलचे डास अगरबत्तीला दाद देत नाहीत, ते सिगारेटीला काय भिणार? खोकतो तो नातू, डास ठणठणीत.

तिसरा मुद्दा पंख्याचा आणि उघड्या खिडकीचा. अहो, पंखा धूर घालवत नाही. पंगतीतल्या वाढप्यासारखा तो प्रत्येकाच्या पानात नेऊन वाढतो. शिवाय पाहुणा गेला तरी धुरातलं विष पडद्यांवर, गाद्यांवर मुक्काम करून राहतं. रांगणारं मूल तिथंच हात लावतं आणि हात तोंडात घालतं. लहान मुलांचा दमा, कानाची दुखणी, छातीचे आजार या परक्या धुराने वाढतात, हे डॉक्टर कितीतरी वर्षं कानीकपाळी ओरडताहेत.

आणि बायकोचं काय? १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामांनी, स्वतः कधीही न ओढणाऱ्या नव्वद हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त! म्हणजे सप्तपदी दोघांनी चालायची, झुरके एकाने मारायचे आणि खोकायचं दुसरीने. हा कुठला संसार?

तेव्हा नियम एकच : घरात नाही, बाल्कनीत नाही. बाल्कनीतला धूर वरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवरून पुन्हा कुणाच्या तरी घरातच शिरतो. यात ओढणाऱ्याचाही फायदा आहे. दरवेळी तीन जिने उतरायचे म्हटलं की दहाच्या सहा होतात आणि सहाच्या शून्य होण्याची आशा तरी वाटते. घरात कुणी ओढताना दिसलं नाही, तर पोरांनाही ते मोठेपणाचं लक्षण वाटत नाही.

"पण जावईबापूंना कसं सांगायचं? अपमान नाही का होणार?" इति आमची सौ.

का व्हावा? चपला दाराबाहेर काढायला आपण जावयालाही सांगतोच की! त्यांनी आजवर कधी मान वेळावली आहे? चपलेला तर नुसती धूळ असते.