पोरीला मैदानावर कशाला नेलंस?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत विषयपत्रिकेवर नसलेल्या एका गोष्टीवरून तासभर वाद झाला. आदल्या रविवारी मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला कोल्हापुरात फुटबॉलचा सामना बघायला नेलं होतं. तिचा हा पहिलाच सामना. ते ऐकून चळवळीतली माझी जुनी मैत्रीण म्हणाली, "अगं, तूच म्हणायचीस ना, तो सगळा पुरुषांचा बाजार आहे? मग पोरीला तिथे कशाला नेलंस?"

प्रश्न रास्त आहे. बैठकीत मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. आपापल्या गावात हा प्रश्न इतर मैत्रिणींनाही पडत असणार.

माझं माहेर कोल्हापुरातल्या पेठेतलं. इथे फुटबॉल तालमींचा आणि पेठांचा. हंगामात घराघरात दुसरा विषय नसतो. भाऊ मॅचला जायचे आणि आम्ही बहिणी गच्चीवर उभ्या राहून ओरड्यावरून गोल कुणाचा झाला याचा अंदाज बांधायचो. पुढे चळवळीत आले तशी या खेळाची दुसरी बाजू दिसत गेली आणि मन उडालं.

मन उडावं असं खरोखरच पुष्कळ आहे. २०१५ साली फिफाच्या पदाधिकाऱ्यांना लाचखोरीच्या आरोपांवरून झुरिकमध्ये अटक झाली. २०२२ च्या विश्वचषकासाठी कतारमध्ये नेपाळ, भारत, बांगलादेशातले मजूर कर्ज काढून गेले, रणरणत्या उन्हात राबले, आणि कित्येक घरी परतलेच नाहीत. त्या पुरुषांच्या विश्वचषकाची एकूण बक्षिसं ४४ कोटी डॉलरची होती, तर पुढच्याच वर्षी बायकांच्या विश्वचषकाची ११ कोटींची. तो स्पेनच्या मुलींनी जिंकला, आणि पदकं देताना त्यांच्याच महासंघाच्या अध्यक्षाने जेनी एर्मोसो या खेळाडूच्या ओठांचं जगासमोर चुंबन घेतलं. तिची संमती नव्हती. २०२५ मध्ये न्यायालयाने तो लैंगिक हल्ला ठरवला, पण शिक्षा झाली दंडाची.

दूर कशाला जायचं? २०२२ मध्ये आपल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहप्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनावरून काढावं लागलं. २०२४ च्या मार्चमध्ये गोव्यात स्पर्धेसाठी आलेल्या दोन खेळाडूंनी राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीतल्या एका सदस्यावर मारहाणीचा आरोप केला आणि गोवा पोलिसांनी त्याला अटक केली. हे सगळं मला माहीत आहे. तरीही मी मुलीला नेलं.

माझी मैत्रीण म्हणते, अशा खेळावर बहिष्कारच टाकायला हवा. मी विचारते, बहिष्कार टाकायचा तर आधी आपण तिथे असायला नको का? गिऱ्हाइकाने दुकानावर बहिष्कार टाकला तर दुकानदाराला तोटा होतो. आपण गॅलरीत गेलो नाही तर कुणाचं काय अडतं? उलट त्यांच्या मनासारखंच होतं. आपल्या गैरहजेरीला आपण निषेध म्हणायचं, आणि त्यांनी म्हणायचं, "बायकांना फुटबॉलमधलं काय कळतंय?" दोन्हीचा परिणाम एकच. गॅलरी पुरुषांची ती पुरुषांचीच राहते.

आणि बायकांना आवड नव्हती म्हणून हा खेळ पुरुषांचा झाला, असंही नाही. तो ठरवून तसा करण्यात आला. इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावी डिक, कर या कारखान्यात पहिल्या महायुद्धात दारूगोळा बनवणाऱ्या मजूर बायकांनी आपला संघ काढला. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. हा पैसा धर्मादाय कामाला जात होता. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवून आपल्या सदस्य क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ही बंदी उठायला सुमारे पन्नास वर्षं लागली. मैदान बंद करायचं आणि नंतर म्हणायचं, बायका मैदानावर दिसत नाहीत! ही युक्ती आपल्याला नवी आहे का?

आपल्या देशातही १९७५ साली महिला फुटबॉलची वेगळी संघटना उभी राहिली. १९८० आणि १९८३ मध्ये भारताच्या मुली आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या. आपल्यापैकी किती जणींना हे ठाऊक होतं? मला नव्हतं. माझ्या भावांनाही नव्हतं, आणि ते तर रोज फुटबॉल बोलायचे.

इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर बायकांना पुरुषांचे सामने बघायला बंदी आली. सहर खोदायारी ही तरुणी २०१९ मध्ये पुरुषी वेषात स्टेडियमवर गेली आणि पकडली गेली. तुरुंगवास होणार या धास्तीने तिने न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि सप्टेंबरात ती गेली. महिन्याभराने, १० ऑक्टोबरला, तेहरानच्या स्टेडियमची दारं काही हजार बायकांना उघडावी लागली. एका सामन्याच्या तिकिटासाठी एवढं? ज्यांना ते तिकीट सहज मिळतं त्यांनाच असा प्रश्न सुचतो.

आपल्याकडे हा वाद पूर्वी झालेला आहे. २०१६ साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्न आला तेव्हा आपल्यातल्या कित्येक जणींचा देवावर विश्वास नव्हता. तरीही आपण म्हणालो, जायचं की नाही हे ती बाई ठरवील, ट्रस्टी नव्हे. मग मैदानाला वेगळा न्याय का?

आता त्या रविवारचं सांगते. आत शिरताच ओळखीतल्या एकाने हटकलं, "वैनी, पोरीला कशाला आणलासा हितं?" त्याच्या मांडीवर त्याचा पाच वर्षांचा मुलगा होता. त्याला कशाला आणलं हे कुणी विचारलं नव्हतं. पहिल्या वीस मिनिटांत आईबहिणीवरून ज्या शिव्या ऐकू आल्या त्या इथे लिहीत नाही, तुम्हाला त्या पाठ आहेत. मागच्या पोराने मुलीला बघून जीभ चावली, आणि पाच मिनिटांत पुन्हा सुरू केलं. म्हणून "बायका आल्या की वातावरण सुधारतं" हा युक्तिवाद मला नको. पुरुषांना सुधारायचं काम घेऊन आपण तिथे जायचं नाही. आपण खेळ बघायला जायचं.

मुलीने मध्यंतरात विचारलं, "आई, शूला कुठे जायचं?" पुरुष भिंतीकडे तोंड करून उभे होते. बायकांसाठी एक खोली होती, तिला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी रस्त्यापलीकडच्या एका घरात विचारून गेलो. परत आलो तोवर एक गोल होऊन गेला होता. तो हुकल्याबद्दल ती घरी येईपर्यंत माझ्यावर चिडलेली होती.

मला तिच्या त्या चिडण्याचा आनंद झाला. गच्चीवरून ओरडा ऐकताना आम्हाला कधी राग आला नव्हता. आत जे चाललंय ते आपलं आहे, असं आम्हाला वाटलंच नव्हतं. तिला ते एका दुपारीत वाटलं. ज्या वस्तूवर आपला हक्क वाटत नाही तिच्यासाठी कुणी भांडत नाही. आणि ते कुलूप मी इतकी वर्षं बघितलंच नव्हतं, कारण मी तिथे नव्हते. घरी बसून कुलपाविरुद्ध मोर्चा निघत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, नुसतं "मुलींना घेऊन जा" एवढं माझं म्हणणं नाही. जा, आणि जाऊन मागा. उघडं, पाणी असलेलं स्वच्छतागृह मागा. "लेडीज" म्हणून एका कोपऱ्यात बांधलेला कठडा नको, पूर्ण गॅलरी मागा. पुरुषांच्या हंगामाइतकाच मुलींचा हंगाम मागा. कोल्हापुरात २०१७ साली इंडियन विमेन्स लीगची प्राथमिक फेरी झाली होती. म्हणजे मैदान मिळू शकतं, मनात असलं तर. भारताच्या मुली २०२६ च्या आशियाई चषकासाठी पात्रता फेरी खेळून, थायलंडला त्यांच्याच देशात हरवून पात्र ठरल्या. त्यांच्या मागे येणाऱ्या मुलींना सरावाला जागा कुठे आहे, ते आपापल्या तालुक्यात जाऊन विचारा.

आणि कायदा हाती घ्या. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेचं ठिकाण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, नसतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पॉक्सो आहेच. आपल्या जिल्ह्यातल्या क्रीडासंस्थांना एक पत्र लिहा: तुमची समिती कुठे आहे, तिच्यात कोण आहे, मुलींना तिचा पत्ता माहीत आहे का? बघा काय उत्तर येतं ते.

माझ्या मैत्रिणीचा संताप खोटा नाही. फक्त तो घरात ठेवून उपयोग नाही. पुढच्या सामन्याला तिने तो घेऊन माझ्याबरोबर यावं. मुलीने तिच्यासाठी जागा धरून ठेवायचं कबूल केलं आहे. त्या कुलपाच्या किल्लीची चौकशी आम्ही तिघी मिळून करू, आणि या वेळी सामना सुरू होण्याआधी.