चारही चाकांना जोर!

दसऱ्याला आमच्या वाड्यात वाहनांची पूजा होते. पूर्वी हळदकुंकू बैलगाडीच्या चाकाला लागे. मग सायकलला, मग मोटारसायकलला, आणि अलीकडे ट्रॅक्टरला लागू लागले. यंदा पुतण्याने पूजेच्या ताटाशेजारी एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका आणून ठेवली व म्हणाला, "काका, एवढी नजरेखालून घाला. पाडव्याला हीच आणावी म्हणतो."

पुस्तिकेत एक काळीभोर, लांबरुंद मोटार होती. विजेवर चालणारी. पुढच्या आसाला एक मोटर, मागच्या आसाला दुसरी. म्हणून चारही चाकांना जोर! किंमत ऐकून माझ्या हातातली आपट्याची पाने खाली पडली. समृद्धी महामार्गात आमची जमीन गेली. तिच्या मोबदल्यातले जे काही शिल्लक आहे ते सगळे, आणि वर कर्ज, असा हा बेत.

मी बदनापूर तालुक्यातला एक निवृत्त शाळामास्तर. यंत्राचे मला वावडे नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर 'म्हाताऱ्याला नवे खपत नाही' असे म्हणून वाचक पुढच्या पानावरच्या चिरोट्यांकडे वळावयाचे! उलट ह्या गाडीची करामत मला मनापासून आवडली. तेलाच्या गाडीत पुढच्या इंजिनाचा जोर मागच्या चाकांस द्यावयाचा तर पोटाखालून लांबच लांब दांडा न्यावा लागतो. येथे दांडाच नाही. जे चाक घसरू लागेल त्याचा जोर पापणी लवण्याच्या आत कमी होतो. मात्र एक गोष्ट पुस्तिकेत लिहिलेली नसते, ती मी लिहितो. चार चाकांचा जोर निघताना कामाचा. थांबताना त्याचा उपयोग नाही. ब्रेक तर साध्यातल्या साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात! आणि आमच्या काळ्या रानात, आषाढातल्या चिखलात, दोन टनांहून जड अशी ही बाईसाहेब रुतली, की तिला ओढून काढावयास आमचा ट्रॅक्टरच जावयाचा.

पण माझे भांडण मोटारीशी नाही. ते रांगेशी आहे. ह्या देशात सवलतीच्या रांगेत कोण पुढे उभा राहतो व कोण मागे, हा माझा प्रश्न आहे.

२०१० सालची गोष्ट आठवा. शेजारच्या औरंगाबादेत (म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात) एकदम १५० मर्सिडीझ मोटारी खरेदी झाल्या. एकूण किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. मराठवाडा मागासलेला नाही हे जगाला दाखवावयाचे होते, असे तेव्हा सांगितले गेले. दाखवले, ठीक झाले! पण पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी लिहून दाखवले, की त्यांतले ४० कोटींहून अधिक रुपये सरकारी मालकीच्या बँकेचे कर्ज होते, आणि व्याज होते ७ टक्के. त्या काळात ट्रॅक्टरच्या कर्जाला शेतकऱ्यास दुपटीच्या आसपास व्याज पडत होते. कोणी म्हणेल, मोटार घेणारा पैसे बुडवीत नाही, म्हणून त्याला व्याज कमी. बरे! पण ट्रॅक्टरवाला तर ट्रॅक्टरही गहाण ठेवतो आणि जमीनही. मग जोखीम नक्की कोणाची? बँकेची की त्याची?

आता कराचे पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर आले. ट्रॅक्टरवर ५ टक्के झाला. फार चांगले झाले. पण विजेच्या मोटारीवरही ५ टक्केच, मग ती दहा लाखांची असो वा दोन कोटींची! आणि ज्या मोटारसायकलवर पुढे दुधाची कॅन व मागे बायको घेऊन आमचा माणूस बाजाराला जातो, तिच्यावर १८ टक्के.

हायब्रिड मोटारीची आणखी तऱ्हा. मोठी असेल तर तिच्यावर ४० टक्के. 'हायब्रिड' हा शब्द जालन्याला नवा नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको काढली आणि संकरित बियाणे गावोगावी नेले; १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आमच्याकडे हायब्रिड म्हणजे एका कणसात चार दाणे जास्त भरावेत म्हणून केलेली खटपट. तेल आणि वीज यांचा संकर करून तेल वाचवणारी गाडी ४० टक्क्यांत, आणि कोट्यवधींची विजेची गाडी ५ टक्क्यांत, हे गणित मी सातवीच्या मुलांना कसे शिकवले असते कोण जाणे!

आणि महामार्ग? ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता आमच्या जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा तुकडा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. रस्ता देखणा आहे, मी नाकारीत नाही. पण त्यावर दुचाकीला बंदी, तीनचाकीला बंदी, ट्रॅक्टरला बंदी. राज्याच्या २०२५ च्या वीजवाहन धोरणात ह्याच रस्त्यावर विजेच्या मोटारींना पथकर माफ करण्याचे ठरले. म्हणजे ज्याची जमीन गेली त्याची मोटारसायकल रस्त्यावर चढू शकत नाही, त्याने विजेची स्कूटर घेतली तरी चढू शकत नाही. आणि कोट्यधीशाची मोटार चढते, तीही फुकट!

दुसरी बाजूही सांगतो. विजेच्या गाड्यांनी धूर कमी होतो, कारखाने येतात, पोरांना काम मिळते. खरे आहे. जालन्याहून जाताना वाटेत शेंद्रा लागते. तेथे २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे, ऑडीच्या मोटारीही तेथे जुळवल्या जातात. २०२४ साली टोयोटाने हायब्रिड व विजेच्या गाड्यांच्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. आनंद आहे. पण ज्याच्यापाशी दोन कोटी आहेत तो पाच टक्क्यांच्या लोभाने गाडी घेतो, असे का आपणांस वाटते? सवलत त्याला द्यावी की जो सवलतीवाचून घेऊच शकणार नाही. शहाणपण सुचले नव्हते असेही नाही. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात तो मागे घेण्यात आला. बैलाच्या शिंगाला रंग लावला आणि पोळा फुटण्याआधीच धुऊन टाकला!

माझे मागणे मोठे नाही. ती ३० लाखांची रेघ पुन्हा ओढा. तिच्या वरच्यांना ना करात सूट, ना पथकरात. वाचेल तो पैसा एस.टी.ला द्या. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. त्याच वाटेवर १ जून २०२२ रोजी विजेवरची 'शिवाई' धावली. ती आमच्या मंठा-परतूर-घनसावंगीच्या फाट्यांवर कधी थांबेल तेवढे सांगा. एका मोटारीत पाच माणसे बसतात; एका एस.टी.त शाळेच्या चाळीस पोरी.

हे सारे मी पुतण्याला ऐकवले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "काका, सरकारने सूट दिली ती मी का सोडावी? आणि जमीन आपली गेली, तर त्या रस्त्यावरून आपण एकदा तरी ऐटीत का जाऊ नये?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर दिलेच आहे. ते त्याला नव्हे, सरकारला आहे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी गप्प झालो. वडिलांनी त्या रानात विहीर खणली होती. ती आता रस्त्याखाली आहे. रात्री मी त्याला एवढेच म्हणालो, "गाडी घे. पण कर्ज काढू नकोस, आणि मोबदल्यातला अर्धा पैसा आधी उरलेल्या रानाच्या विहिरीला घाल. मग जी परवडेल तिच्यापुढे नारळ मी फोडीन."

पुस्तिका अजून देवघरातच आहे. तो हिशेब करतो आहे. सरकारनेही तेवढा करावा.