सोडण्याची विद्या आणि आवरण्याची विद्या

आज खंडेनवमी. आज घरोघरी पाट मांडले जातील. शेतकऱ्याच्या घरी विळा, कोयता आणि खुरपे, सुताराच्या घरी करवत, रंधा आणि पटाशी, शिंप्याच्या घरी शिलाईचे यंत्र, अशी ज्याची त्याची हत्यारे धुऊनपुसून पाटावर येतील. त्यांना हळदकुंकू लागेल, झेंडूचे फूल वाहिले जाईल. ज्या साधनाने वर्षभर घरात घास आणला, त्याच्यापुढे एक दिवस हात जोडावेत, ही आपल्या पूर्वजांची कृतज्ञताबुद्धी खचित थोर होय.

यंदा गारगोटी येथील आमच्या परिचयाच्या एका सुतारकाम करणाऱ्या कुटुंबात या पाटावर एका नव्या वस्तूने जागा मागितली आहे. घरातील नातू अभियांत्रिकी पदविकेच्या वर्गात शिकतो. भंगारवाल्याकडे पडलेल्या एका जुन्या संगणकातून त्याने डीव्हीडी लिहिण्याचे यंत्र सोडवून आणले, त्यातील लेसरचा बारीकसा डायोड काढला, विजेरीची पत्र्याची नळी आणि लॅपटॉपच्या टाकाऊ बॅटरीतील एक सेल मिळविला आणि चार-पाच रविवार खपून हातात मावेल असा लेसर तयार केला. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला तेव्हा घरातील सारे थक्क झाले. "आजोबा, हे मी माझ्या हातानं केलंय. तुमच्या करवतीशेजारी ठेवू का?" असे त्याने विचारले. आजोबांनी होकारही दिला नाही आणि नकारही. "हे हत्यार म्हणावे की शस्त्र, तेवढे सांगा," असा निरोप मात्र त्यांनी आम्हांस धाडला.

प्रश्न साधा दिसतो, पण तो एका घराचा नाही. म्हणून आजच्या दिवशी त्याचा जाहीर विचार करणे आम्हांस उचित वाटते.

भंगारातील माणिक

लेसरचे मूळ तत्त्व आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडले. ते प्रत्यक्षात उतरण्यास त्रेचाळीस वर्षे लागली. अमेरिकेतील थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. दोनच वर्षांनी अर्धवाहक स्फटिकापासून लेसर निघाला आणि १९८२ साली संगीताच्या चकचकीत तबकड्या बाजारात आल्या, तेव्हा हा किरण थेट घरात शिरला. तबकडी वाचणारा किरण ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारा. डीव्हीडीचा सुमारे ६५० नॅनोमीटरचा, म्हणजे लाल. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पुढे तबकड्यांचा जमाना सरला आणि ती यंत्रे भंगारात गेली. पण त्यांच्या पोटातील माणिक बहुधा शाबूतच राहिले.

हे माणिक बाहेर काढून चालते करणे हा पोरखेळ नव्हे. डायोड वाळूच्या कणाएवढा. त्याला नेमका तितकाच विद्युत्प्रवाह लागतो. किंचित जास्त झाला की तो क्षणात निकामी होतो. म्हणून प्रवाह स्थिर राखणारे छोटे मंडल जोडावे लागते. त्याची उष्णता वाहून नेण्यासाठी धातूचे कवच लागते. त्यातून निघणारा प्रकाश मुळात पसरट असतो. तो सरळ रेषेत आणण्यासाठी भिंग केसभर पुढेमागे सरकवीत बसावे लागते. एवढे करताना मुलगा वीज, उष्णता आणि प्रकाश यांचे तीन धडे हातांनी गिरवितो.

ज्या गारगोटीत जे. पी. नाईक यांनी श्री मौनी विद्यापीठ उभारून शिक्षणाची सांगड ग्रामजीवनाशी आणि हाताच्या कामाशी घालण्याचे स्वप्न पाहिले, त्या गावच्या मुलाने टाकाऊतून असे काही घडवावे, याचा आम्हांस मनःपूर्वक आनंद वाटतो. "नदीत फेकून दे ते," असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. फेकायला लावलेली वस्तू माळ्यावर लपून पुन्हा तयार होते, आणि मग तिच्यावर कोणाचीच नजर राहत नाही.

न दुखणारी जखम

तथापि आजोबांची शंका अनाठायी नव्हती. शाळेत फळ्यावर दाखविण्यासाठी जो सुरक्षित लेसर मानतात, त्याची शक्ती एक मिलिवॅटच्या आत असते. तो चुकून डोळ्यांवर आला तर पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते आणि तेवढ्यात इजा होत नाही, या हिशेबाने ती मर्यादा ठरविलेली आहे. डीव्हीडी लिहिणाऱ्या यंत्रातील डायोड मात्र शंभर मिलिवॅट वा त्याहूनही अधिक शक्ती देऊ शकतो. तेथे पापणी मिटेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

शंभर मिलिवॅट म्हणजे घरातील लहानशा दिव्याच्याही मानाने किती थोडे, असे कोणी म्हणेल. पण दिव्याचा प्रकाश चहूकडे विखुरतो. लेसरचा किरण एकाच रेषेत येतो आणि डोळ्याचे भिंग तो सारा गोळा करून आतल्या पडद्यावर सुईच्या टोकाहूनही लहान अशा ठिपक्यात आणते. बाहुलीवर पडलेला किरण पडद्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याची तीव्रता लाखभर पटीने वाढलेली असते. त्या पडद्याला वेदना कळत नाही. हात भाजला तर हात मागे येतो. डोळ्याचा पडदा भाजला तर डोळा काहीच बोलत नाही. नजरेच्या मध्यभागी एक काळा डाग तेवढा उरतो आणि तो पुष्कळदा जन्माचा सोबती होतो.

संकट केवळ समोरून येते असेही नाही. देवघरातील पितळी समई, स्टीलचे ताट, कपाटाचा आरसा, खिडकीची काच यांवरून परतलेला किरण शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीच्या डोळ्यांत जाऊ शकतो. उन्हाचा काळा चष्मा येथे रक्षण करीत नाही. त्या त्या रंगाच्या किरणासाठी केलेला खास चष्माच लागतो. बाजारातील स्वस्त वस्तूवर छापलेल्या आकड्यावरही विसंबू नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापनसंस्थेने २०१० साली एक स्वस्त हिरवा लेसर तपासला. त्यावर दहा मिलिवॅट असे लिहिले होते. प्रत्यक्षात त्यातून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणच जवळजवळ वीस मिलिवॅट बाहेर पडत होते. जे दिसतच नाही त्याच्यापुढे पापणी तरी कशी मिटणार?

हे भय काल्पनिक नाही. २०२३ सालच्या गणेश विसर्जनानंतर नाशिक येथे मिरवणुकीतील लेसरच्या झोतांमुळे नेत्रपटलास इजा झालेले तरुण डॉक्टरांकडे आले. २०२४ साली आपल्याच जिल्ह्यात, करवीर तालुक्यातील उचगाव येथे, गणरायाच्या आगमनाच्या मिरवणुकीत एका तरुणाचा डोळा दुखावला. त्या वर्षी पुण्याच्या पोलिसांनी उत्सवातील लेसर झोतांना मनाई केली. मिरवणुकीतील ती यंत्रे मोठी आणि विकत वा भाड्याने आणलेली. आपल्या या मुलाची नळी लहान आणि घरची. परंतु किरणाची जात एकच. आणि मनाईचा हुकूम रस्त्यावर चालतो, माळ्यावर नव्हे. तेथे घरचाच नियम चालावयास हवा.

अश्वत्थाम्याची चूक

या ठिकाणी आम्हांस महाभारतातील तो प्रसंग आठवतो. अश्वत्थाम्याने ब्रह्मास्त्र सोडले, तसे अर्जुनानेही सोडले. ऋषींनी दोघांना अस्त्रे आवरण्यास सांगितले. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्याला ते घेता येईना. त्याला सोडण्याची विद्या ठाऊक होती, आवरण्याची नव्हती. उत्तरेच्या उदरातील अजात बाळावर ते अस्त्र गेले. अपुऱ्या विद्येची शिक्षा, जो सर्वांत निष्पाप त्याच्या वाट्यास आली. ज्या शमीची उद्या आपण पूजा करणार, तिच्या फांद्यांतच पांडवांनी अज्ञातवासाच्या वर्षात शस्त्रे ठेवून दिली होती, हेही विसरू नये. शस्त्र धारण करण्याइतकेच ते ठेवून देणे हाही शूराचा धर्म मानला गेला.

आपल्या करवीरनिवासिनी अंबाबाईच्या किरणोत्सवाकडे पाहा. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी ते देवीच्या चरणांना स्पर्श करतात, मग हळूहळू वर चढत मुखापर्यंत पोहोचतात. प्रत्यक्ष सूर्यनारायण, पण तोही गाभाऱ्यात येतो तो दिवस मावळताना, सौम्य होऊन, आणि प्रथम चरणांशी. तेजाला मर्यादेची शोभा असते, हे या सोहळ्यातून आपल्या पूर्वजांनी किती सहजपणे शिकविले आहे!

मर्यादेत राहिलेला हाच लेसर काय करू शकतो, हे त्या आजोबांना स्वानुभवाने ठाऊक आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही काळाने त्यांच्या कृत्रिम भिंगामागचा पातळ पडदा गढूळ झाला होता. कोल्हापुरात डॉक्टरांनी लेसरच्या मोजक्या स्पंदांनी तो मोकळा केला आणि त्यांना पुन्हा पंचांग वाचता येऊ लागले. एकच किरण नजर नेतो आणि एकच किरण नजर देतो. भेद मापाचा आणि जाणत्या हाताचा.

आमचे उत्तर

म्हणून त्या आजोबांना आम्ही नम्रपणे कळवीत आहोत की, नातवाची वस्तू करवतीशेजारी अवश्य ठेवावी. मात्र आतला सेल काढून ठेवावी, जशी तलवार म्यानात घालून पूजतात. आणि हळदकुंकू लावण्यापूर्वी नातवाकडून पाच गोष्टी कबूल करून घ्याव्यात. किरण कोणाही माणसाच्या, जनावराच्या, वाहनाच्या वा विमानाच्या दिशेने धरणार नाही. प्रयोग करताना समोर चकचकीत वस्तू नसेल, भिंत खरबरीत असेल आणि दार लावलेले असेल. योग्य चष्मा मिळेपर्यंत पूर्ण शक्तीने तो पेटविणार नाही. पदविकेच्या वर्गातील शिक्षकांना दाखवून, त्यांच्या देखरेखीखाली शक्ती मोजून घेईल. आणि काम संपताच सेल काढून आजोबांच्या हत्यारपेटीत, कुलपाच्या आत ठेवील.

सुताराच्या घरात हे नवे नाही. पटाशी कधी आपल्या अंगाकडे धरायची नाही, हा पहिला धडा आजोबांनीच या मुलाला दिला असेल. काम संपल्यावर करवत खुंटीला लावायची, हा दुसरा. तेच दोन धडे आता प्रकाशाला लावायचे आहेत. शिकविणाऱ्याला डायोड कळला नाही तरी चालेल. धार कळते, एवढे पुरे.

आणि ज्या घरांत असा नातू आहे पण आजोबा विचारीत नाहीत, त्या घरांतील आईवडिलांनी आज पाट मांडताना मुलाला एकदा जवळ बोलावून विचारावे, "बाळ, माळ्यावर तू काय करतोस? आम्हालाही दाखव." मुलाने दाखविले, तर त्याच्या कौतुकास कमी पडू नये. आवरण्याची विद्या घरच्यांच्या विश्वासातूनच शिकता येते.

सर्व वाचकांस विजयादशमीच्या शुभेच्छा.