खडू हाती दिला, पण हात बांधले!



जागतिक पर्यावरण दिन येतो ५ जूनला. महाराष्ट्रातल्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, विदर्भात त्याहूनही उशिरा. तरी परिपत्रक निघतेच! रोप लावा, फेरी काढा, फोटो पाठवा. पण त्या रोपाला पुढे पाणी कोण घालणार, याविषयी परिपत्रकात अवाक्षर नसते. निसर्गरक्षणाच्या शिक्षणाची या देशात जी परवड चालली आहे, ती या रोपासारखीच आहे.

आदेशांची उणीव मुळीच नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकविण्याचा आदेश दिला. सरकारांनी तो इतका मनावर घेतला की, बारा वर्षांनी, डिसेंबर २००३ मध्ये, न्यायालयाला पुन्हा खडसवावे लागले आणि अभ्यासक्रम आखण्याचे काम एनसीईआरटीवर सोपवावे लागले! आज धडे आहेत, प्रकल्पवह्या आहेत, गुणही आहेत. पण ज्याने शिकवायचे त्या मास्तरांना काय दिले?

२००१-०२ मध्ये राष्ट्रीय हरित सेनेची योजना आली तेव्हा शाळेमागे वर्षाला १००० रुपये मंजूर झाले. हिशेब करा, दिवसाला तीन रुपयेही पडत नाहीत. शिक्षणहक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला शिक्षक दोन. दोघांनी सगळे वर्ग सांभाळायचे, आणि त्यातच मुलांना ओढ्यावर, माळावर, गावतळ्याकाठी न्यायचे. एक गुरुजी मुलांना घेऊन गेले तर मागे उरलेल्या वर्गांकडे कोण बघणार? त्याच कायद्याचे कलम २७ म्हणते की, जनगणना, आपत्तीनिवारण व निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. पण जनगणना आणि निवडणूक यांच्या नावाखालीच किती दिवस जातात, हे कोणत्याही जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंना विचारा. मग ‘परिसर अभ्यास’ परिसरात न होता फळ्यावर होतो. दोष मात्र गुरुजींचा!

टपाल खात्यातील साथींना हा डाव नवा नाही. एके काळी कित्येक खेड्यांत शाळामास्तर हेच ई.डी. शाखा डाकपाल असत. पुढे २००१ च्या नियमांनी ई.डी. चे ‘ग्रामीण डाक सेवक’ झाले. नाव बदलले, खात्याच्या नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा काही मिळाला नाही. न्याय्य मोबदल्यासाठी २०१८ च्या मे-जूनमध्ये १६ दिवस संप करावा लागला. इकडे महाराष्ट्र सरकारने २००० साली ‘शिक्षण सेवक’ आणले. तीन वर्षे मानधनावर राबायचे आणि मग नियमित वेतनश्रेणी. ज्याला ‘सेवक’ म्हटले त्याला पगार कमी द्यायचा, ही सरकारची जुनी युक्ती आहे. मानधनावरच्या तरुण शिक्षकाने गावच्या नदीतून वाळू कोण उपसतो, हे मुलांना कोणाच्या बळावर सांगायचे? त्याच्यामागे संघटना उभी नसेल तर तो गप्पच बसेल.

काही साथी म्हणतील, ‘हा शिक्षकांचा प्रश्न. आपले प्रश्न काय थोडे आहेत?’ त्यांनी २७ जुलै २०१९ ची पहाट आठवावी. उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले आणि बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना नौकांनी बाहेर काढावे लागले. नदी, नाला, ओढा यांचे काय होते याचा पहिला फटका रुळावर चालणाऱ्या गँगमनला आणि गुडघाभर पाण्यातून टपाल नेणाऱ्या पोस्टमनला बसतो. आणि आपल्या खात्याचा इतिहासही आपण विसरू नये. रेल्वेच्या स्लीपरसाठी सालाची, देवदाराची जंगले तुटली. १८६४ मध्ये इंग्रजांनी वन खाते उभारले, त्यामागे रेल्वेला पुढे लाकूड मिळेल की नाही ही चिंता होती. हा धडा वर्गात सांगायला निवृत्त पी.डब्ल्यू.आय.हून चांगला माणूस कोण मिळेल?

आधार दिला तर शिक्षक काय करू शकतात, हे इटारसीच्या साथींनी जवळून पाहिले असेल. १९७२ मध्ये होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम, जिल्ह्यातील १६ शाळांत विज्ञान शिकविण्याचा नवा प्रयोग सुरू झाला. मुले शेतात, नाल्यावर जाऊन स्वतः पाहू लागली, मोजू लागली. शिक्षकांना उन्हाळी प्रशिक्षण मिळे, दरमहा बैठक होई, शाळेला प्रयोगाचे साहित्य मिळे. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यात पसरला. तीस वर्षे चाललेले हे काम २००२ मध्ये सरकारने एका आदेशाने बंद केले. शिक्षक तेच होते, मुले तीच होती. काढून घेतला तो आधार!

म्हणून आपल्या प्रत्येक शाखेने शिक्षक संघटनांच्या पुढील मागण्यांना ठरावाने पाठिंबा द्यावा. रिक्त पदे नियमित वेतनश्रेणीत भरा. शिक्षण सेवक पद्धत बंद करा. परिसरभेटीसाठी शाळेला स्वतंत्र निधी आणि वेळापत्रकात हक्काचा वेळ द्या. प्रशिक्षण कामाच्या दिवसांत, प्रवासभत्त्यासह द्या.

आणि ठराव करून थांबू नये. आपली मुले ज्या शाळेत जातात तिथल्या गुरुजींना, बाईंना भेटावे, परिसरभेटीच्या दिवशी दोन माणसे सोबत पाठवावीत. लाइनीवरचा कोणता पूल कधी बुडतो आणि बिटातली कोणती विहीर कधी आटते, हे आपल्याला ठाऊक आहे. ते मुलांपर्यंत पोचवू या. गुरुजींचे बांधलेले हात सोडविणे हे आपलेही काम आहे.

कामगार-शिक्षक एकजूट झिंदाबाद!