सायकलवरच्या माणसाची किंमत कोण ठरवतं?

‘अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार.’ जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर चार ओळी. मृताचं नाव, वय, गाव आणि शेवटी ‘पोलीस अधिक तपास करीत आहेत’. आपण वाचतो आणि पान उलटतो. आपल्याच वस्तीतला माणूस असेल तर मौतीला जातो, पुण्यानुमोदनाला जातो, विधवेच्या हातात वर्गणीचं पाकीट ठेवतो आणि घरी येतो. आमचा मुद्दा या ‘घरी येतो’बद्दल आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी पहाटे सायकल चालवत होते. टॅक्सीने मागून धडक दिली आणि ते गेले. देशभर बातमी झाली, गुन्हा नोंदला गेला, चालक सापडला. त्यात गैर काही नाही, असंच व्हायला हवं. पण त्याच पहाटेच्या वेळी महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहराच्या कडेला आणखी हजारो सायकली रस्त्यावर असतात. रात्रपाळी संपवून परतणारा वॉचमन, झाडू घेऊन निघालेली ठेक्यावरची सफाई कामगार, एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला निघालेला हेल्पर. हे लोक फिटनेससाठी सायकल चालवत नाहीत. पहाटे पाचला एसटी नसते आणि रिक्षा परवडत नाही, म्हणून चालवतात. त्यातला एखादा गेला तर चार ओळी.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल, ‘अपघाताला जात नसते, प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता?’ बरोबर आहे. ट्रकचं चाक जात विचारत नाही. पण चाक जाण्याआधी त्या अंधाऱ्या, फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर सायकल घेऊन कुणाला जावं लागतं, आणि चाक गेल्यानंतर पंचनामा कसा होतो, वकील कोण मिळतो, भरपाई किती ठरते, या सगळ्यात जात आणि वर्ग पुरेपूर आहेत. समाजशास्त्राच्या पुस्तकात याला संरचनात्मक हिंसा म्हणतात. वस्तीत याला ‘आपलं कोण ऐकतंय’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच.

एक गोष्ट स्पष्ट करू. आम्ही प्रत्येक अपघाताला अ‍ॅट्रॉसिटी म्हणत नाही आणि कार्यकर्त्यांनीही म्हणू नये. जातिवाचक शिवीगाळ झाली असेल, ओळखून अंगावर गाडी घातली असेल, तर ते कलम लावण्यासाठी जरूर भांडा. नसेल तर ओढूनताणून लावू नका. त्याने केस कमकुवत होते आणि कायदाही बदनाम होतो.

पण अ‍ॅट्रॉसिटी नाही म्हणजे आपलं काम नाही, ही समजूत चुकीची आहे. खैरलांजीपासून आपण एफआयआर वाचायला शिकलो, पंचनाम्यातल्या फटी ओळखायला शिकलो, पोलीस अधीक्षकांपुढे ठिय्या द्यायला शिकलो. हे कौशल्य अपघाताच्या वेळी कुठे जातं? तिथे आपणही हळूच ‘नशिबात होतं’ म्हणून मोकळे होतो. पूर्वजन्मीच्या कर्माचा हिशोब बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये नाकारला. कारणाशिवाय कार्य नाही, हे आपण विहारात दर रविवारी ऐकतो. मग रस्त्यावरच्या मृत्यूला कारण का शोधत नाही?

आता एक आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात धडक देऊन वाहन पळून गेल्याच्या घटनांत देशात ३०,४८६ माणसं मेली. अशा वेळी वाहन सापडलंच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे सरकारी योजनेतून भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहे. २०२२-२३ मध्ये या योजनेत देशभरातून किती अर्ज आले? २०५. त्यातले निकाली निघाले ९५. हे आकडे जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात आले. पळालेली काही वाहनं नंतर सापडली असतील हे धरलं, तरी हजारो घरांना हा हक्क आहे हे कुणी सांगितलंच नाही, याशिवाय दुसरा अर्थ निघत नाही. वाहनाचा पत्ता एका महिन्यात लागला नाही तर पोलिसांनी कुटुंबाला या योजनेची लेखी माहिती द्यावी, असं त्याच आदेशात सांगितलं आहे. तुमच्या तालुक्यातल्या किती घरांना असं पत्र आलं, ते विचारून बघा.

वाहन सापडलं तरी लढाई सोपी होत नाही. पहिला हल्ला पंचनाम्यातच होतो. ‘सायकलला मागे दिवा नव्हता’, ‘सायकलस्वार अचानक आडवा आला’. ही दोन वाक्यं आम्ही इतक्या कागदांवर वाचली आहेत की त्यांचा शिक्का बनवला असता तर पोलिसांचा वेळ वाचला असता. याच वाक्यांवर पुढे विमा कंपनी म्हणते, मयताचाही निष्काळजीपणा होता, भरपाई कमी करा. म्हणून पहिल्या दोन दिवसांत जागेवर जाणारा कार्यकर्ता हा नंतर मोर्चा काढणाऱ्या शंभरांपेक्षा जास्त उपयोगाचा. सायकलचं मागचं चाक वाकलंय की पुढचं, याचा फोटो काढा. मागचं चाक चेपलं असेल तर ‘आडवा आला’ ही गोष्ट टिकवणं अवघड जातं. रस्त्यावर काचा, रंगाचे तुकडे असतील तर ते पंचनाम्यात आलेत का बघा. पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाका यांच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. ते जप्त करा, असा लेखी अर्ज ठाण्यात द्या आणि पोच घ्या. एफआयआर घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने तक्रार पाठवा. तिथेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा.

दुसरा हल्ला गोड बोलून होतो. दहाव्याच्या आत गाडीमालकाचा माणूस गावातल्या पुढाऱ्याला घेऊन घरी येतो. ‘वहिनी, गेलेला माणूस काय परत येणार नाही. हे पन्नास हजार घ्या, पोरांच्या शाळेला होतील. इथे सही करा.’ स्टॅम्प पेपर तयार असतो. घरात रोजचं येणं बंद झालेलं असतं, दवाखान्याची उधारी असते. सही करणाऱ्या बाईला आम्ही दोष देत नाही. दोष त्या पुढाऱ्याचा आहे आणि सांगायला वाईट वाटतं, कधीकधी तो निळा गमछा घालूनही येतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा असा घरात बसून मिटवता येत नाही. तो शासनाविरुद्धचा गुन्हा आहे.

तिसरी लढाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. आपल्या चळवळीने सगळ्यात कमी लक्ष दिलं ते इथे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत भरपाईचं सूत्र घालून दिलंय. मृत्यूवेळचं उत्पन्न, त्यात भविष्यातली वाढ, त्यातून मयताचा स्वतःचा खर्च वजा आणि वयानुसार गुणक. ३८ वर्षांचा माणूस, घरात बायको, दोन मुलं, म्हातारी आई. गुणक १५, स्वतःचा खर्च एक चतुर्थांश. त्याचं उत्पन्न महिन्याला १५,००० धरलं तर भविष्याची ४० टक्के वाढ मिळवून २८ लाख ३५ हजार होतात. पण तो ठेकेदाराकडे रोखीने काम करत होता, कागद नाही, म्हणून उत्पन्न ८,००० धरलं गेलं तर १५ लाख १२ हजार. कागद नसल्याची किंमत १३ लाख २३ हजार रुपये.

आणि हेही बघा. कायम नोकरी असलेल्या चाळिशीच्या आतल्या माणसाला भविष्याची वाढ ५० टक्के धरतात, रोजंदारी किंवा स्वतःचा धंदा करणाऱ्याला ४० टक्के. म्हणजे ज्याला आधीच कमी मिळतं, त्याचं भविष्यही कमी धरायचं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात आपण प्रत्येक माणसाचं मूल्य एक मानू आणि सामाजिक-आर्थिक जीवनात ते नाकारत राहू. श्रेणीबद्ध विषमता मेल्यावरही सुटत नाही, ती गुणाकारात उतरते. हे सूत्र बदलण्याची मागणी आपल्या वकिलांनी करायला हवी. ती होईपर्यंत कागद गोळा करणं आपल्या हातात आहे. हजेरीपट, बँक पासबुक, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, सोबत काम करणाऱ्यांची साक्ष, त्या वर्षीची किमान वेतनाची अधिसूचना. घरकाम करणारी बाई गेली असेल तर ‘काही कमवत नव्हती’ हे वाक्य दाव्यात येऊ देऊ नका. तिच्या कष्टाचं मोल धरायला न्यायालयांनी केव्हाच सुरुवात केली आहे.

मुदतीबद्दल सावध राहा. कायद्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ च्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. दावा अपघाताच्या जिल्ह्यातच करावा लागतो असंही नाही, कुटुंब राहतं तिथे करता येतो. पुण्यात मेलेल्या मजुराच्या बायकोला नांदेडहून दर तारखेला पुण्याला जायची गरज नाही. फौजदारी खटल्यात चालक सुटला तरी दावा संपत नाही, कारण तिथे पुराव्याची कसोटी वेगळी, सौम्य असते. चूक कुणाची हे सिद्ध करणं अशक्यच असेल तर कलम १६४ आहे. त्यात दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात.

चालकाला फाशी द्या, अशा घोषणा आम्हाला पटत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चक्का जाम केला तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मधल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध. त्या संपात आपल्याच वस्तीतले कितीतरी चालक होते. सोळा-सोळा तास गाडी हाकायला लावणारा मालक खटल्यात फारसा दिसत नाही, दिसतो तो चालक. गुन्हा केला असेल तर त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण विधवेच्या घरात चूल पेटायची असेल तर पैसा मालकाच्या विम्यातून यायचा आहे. चालकाकडे परवाना नसला तरी कंपनीने आधी कुटुंबाला पैसे द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, असा आदेश न्यायालयं देत आली आहेत.

वाहन सापडलंच नाही, तर कलम १६१ चा अर्ज तालुक्याच्या महसूल कार्यालयात, दावा चौकशी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो, नमुना एकमध्ये. सोबत मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल, एफआयआरची प्रत, वारसांचं बँक खातं. टेबलावरचा कारकून ‘अशी योजनाच नाही’ म्हणाला तर योजनेचं २०२२ चं राजपत्र त्याच्यापुढे ठेवा, अर्ज आवक नोंदवहीत चढवायला लावा आणि नंबर लिहून घ्या.