नांदेडची पंगत आणि गांवची पंगत

देवणीहून नांदेडास जाणारांची संख्या लहान नाहीं. कोणी व्यापाराच्या कामास, कोणी दवाखान्यास, कोणी मुलाच्या शिक्षणासाठीं जातो, आणि काम आटोपलें म्हणजे सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यांत डोकें टेकून परततो. तेथें तो डोक्यास रुमाल बांधतो, पाय धुतो, दर्शन घेतो, आणि लंगरांत मांडी घालून जेवतो. घरीं आल्यावर तेथील स्वच्छतेची, शिस्तीची आणि डाळरोटीची चार दिवस तारीफ करतो. पांचव्या दिवशीं त्याच्या गल्लींत भंडारा असतो, आणि तेथें पंगत पूर्वीं जशी बसत होती तशीच बसते. या दोन पंगतींमधील अंतर वाचकांच्या नजरेस आणून द्यावें, एवढाच आजच्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम नांदेडच्या माहात्म्याविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. कारण हें स्थान पंजाब्यांचें, आपण तेथें नुसते पाहुणे, अशी पुष्कळांची समजूत आहे. शीखांचे दहावे गुरु गोविंदसिंग हे १७०८ सालीं बहादूरशहा बादशहाच्या छावणीबरोबर दक्षिणेंत आले. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत नांदेड येथें त्यांचें देहावसान झालें. आणि आपल्यामागें कोणी देहधारी गुरु न होतां ग्रंथ हाच गुरु मानावा, अशी व्यवस्था त्यांनीं येथेंच लावून दिली. माधोदास बैरागी हा बंदासिंग झाला तोही येथेंच. पुढें महाराज रणजितसिंग यांनीं, मुलूख निजामाचा असतां, १८३२ ते १८३७ या काळांत येथें मंदिर बांधविलें. शीखांच्या पांच तख्तांपैकीं हें एक होय. २००८ सालीं गुरुतागद्दीस तीनशें वर्षें झालीं तेव्हां देशोदेशींचे यात्रेकरू येथें लोटले, आणि त्या निमित्तानें शहराच्या रस्त्यांस व घाटांस नवें रूप आलें.

परंतु हें स्थान आपणांस परकें मानण्याचें कारण नाहीं. १६९९ सालीं आनंदपूर येथें गुरूंनीं शीर मागितलें असतां जे पांच पुरुष पुढें झाले, त्यांतील एक साहिबचंद हा बिदरचा, जातीनें न्हावी. आमचा उदगीर तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांतच मोडत होता, हें आमच्या वृद्ध वाचकांस स्मरत असेल. तेव्हां शीखांच्या पंचप्याऱ्यांतील एक आमच्या शेजारघरचा होता असें म्हणण्यास हरकत नाहीं. दुसरें असें कीं, नरसीचे शिंपी नामदेवराय यांचीं एकसष्ट पदें गुरु ग्रंथसाहिबांत आहेत. नांदेडास जो ग्रंथ गादीवर विराजमान आहे, त्यांत आमच्या मराठवाड्याच्या एका शिंप्याचा शब्द गुरूंच्या शब्दाशेजारीं बसलेला आहे. याच नात्यास स्मरून २०१५ सालीं मराठी साहित्य संमेलन पंजाबांत घुमान येथें भरलें. भाषणें झालीं, हारतुरे झाले. परंतु ज्या गोष्टीमुळें नामदेव व साहिबचंद तेथें मान पावले, ती गोष्ट आम्हीं घरीं आणली काय?

ती गोष्ट म्हणजे पंगत. लंगर म्हणजे अन्नछत्र, असें आमच्यांतील बहुतेक समजतात. तें बरोबर नाहीं. अन्नछत्र आमच्याकडेही होतें व आहे. अन्नछत्रांत देणारा उभा असतो व घेणारा बसलेला असतो. दोघांची जागा ठरलेली. लंगरांत ज्याच्या पैशाचें पीठ आलें तोही त्याच तरटावर, ज्याच्या शेजारीं जागा मिळेल त्याच्या शेजारीं बसतो, आणि जेवून उठल्यावर वाढावयास किंवा भांडीं घांसावयास जातो. लक्षाधीश मनुष्य यात्रेकरूंचीं पादत्राणें पुसतांना तेथें दृष्टीस पडतो, आणि त्यांत कोणास नवल वाटत नाहीं. गुरु अमरदास यांच्या काळीं आधीं पंगत व मग भेट असा नियम होता, आणि अकबर बादशहाही त्या नियमास अपवाद झाला नाहीं, अशी शीखांची परंपरा सांगते. भुकेल्याचें पोट भरणें हा या व्यवस्थेचा एक हेतु खरा. पण भरल्या पोटीं आलेल्याचा अभिमान उतरविणें हा तिचा दुसरा, आणि आमच्या मतें अधिक मोठा, हेतु होय.

आतां आमच्याकडील एक प्रसंग सांगतों. गेल्या वर्षीं एका गांवच्या भंडाऱ्यास आम्ही हजर होतों. गांवाचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. दहा गांवें तें वर्णन आपलेंच म्हणतील. स्वयंपाक उत्तम होता, दात्यांनीं हात आंखडता घेतला नव्हता. दोन पंगती उठल्या. तेवढ्यांत गांवाबाहेरच्या वस्तींतील कांहीं मंडळी पातेलीं घेऊन मांडवाच्या कडेस येऊन उभी राहिली. कोणीं त्यांस हटकलें नाहीं, वाईट शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाहीं. उलट वाढपी मोठ्या प्रेमानें एका म्हाताऱ्यास म्हणाला, "मामा, घरींच घेऊन जा, निवांत जेवा. दोन पळ्या जास्तच घालतों." म्हाताऱ्यानें पातेलें पुढें केलें. त्याच्या बरोबरचा नातू मात्र मांडवांतील रिकाम्या पत्रावळींकडे पाहत होता. जागा होती, अन्न होतें, वाढणारा होता. नव्हतें तें फक्त "या, बसा" हें बोलणें.

आम्ही कायद्याचा धंदा करणारे आहों, म्हणूनच कायद्याची धांव कोठवर जाते हें आम्हांस ठाऊक आहे. घटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्यानें, ज्यास पुढें नागरी हक्क संरक्षण कायदा असें नांव मिळालें, देवळांत, भोजनगृहांत व धर्मशाळेंत मज्जाव करणें हा गुन्हा ठरविला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याहून कडक आहे. हे कायदे हवेतच, आणि त्यांची अंमलबजावणी अधिक चोख झाली पाहिजे. परंतु वरील प्रसंगांत फिर्याद कशाची करावयाची? दोन पळ्या जास्त घातल्याची? मज्जाव करणाराचा हात कायदा धरूं शकतो; बोलावणें न करणाराच्या तोंडांत शब्द घालूं शकत नाहीं. ही जागा कायद्यानें नव्हे, तर लोकमतानें भरावयाची आहे; आणि लोकमत म्हणजे दुसरें कोणी नसून हा लेख वाचणारे तुम्ही आम्हीच.

यावर कोणी म्हणेल, हा प्रश्न आतां राहिलाच कोठें? हॉटेलांत शेजारच्या बाकावर कोण बसला आहे हें कोण विचारतो? खरें आहे. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून केवढें ग्रामण्य माजलें, आणि रानडे व टिळक यांसारख्या पुरुषांसही प्रायश्चित्ताच्या भानगडींत पडावें लागलें, हें आठवलें म्हणजे काळ किती पुढें गेला हें दिसतें. पण हॉटेलांत व नांदेडास आपण शेजाऱ्यास ओळखत नाहीं, म्हणून सोंवळें आपोआप सुटतें. गांवांत प्रत्येकाचें घर, आळी व आडनांव ठाऊक असतें. तेथें सोंवळें पुनः अंगावर चढतें. अनोळख्याशेजारीं जेवणें ही केवळ सोय झाली. ओळखीच्या माणसास, त्याची जात माहीत असून, हात धरून शेजारीं बसविणें ही सुधारणा होय. नांदेडची यात्रा आपल्या अंगीं लागली कीं नाहीं, याची परीक्षा नांदेडांत होत नाहीं, देवणींत होते.

दुसरा आक्षेप अधिक जाणत्यांचा आहे. ते म्हणतात, शीखांत तरी जात कोठें गेली आहे? पंजाबांतील कित्येक खेड्यांत दलितांचे गुरुद्वारे निराळे, स्मशानें निराळीं. ही गोष्ट आम्ही नाकबूल करीत नाहीं. परंतु घरांत शिरलेला दोष आणि घराचा कायदा यांत अंतर आहे. शीख मनुष्य जात पाळतो तेव्हां तो आपल्या गुरूची आज्ञा मोडतो, आणि हें त्यास त्याच्याच ग्रंथांतून दाखवितां येतें. आमच्याकडे आजवर जात पाळणारा उलट आपणच धर्म पाळीत आहों असें छातीठोकपणें सांगत आला. चोखोबास पंढरपुरीं पायरीशीं राहावें लागलें. तीं दारें उघडण्यास १९४७ साल उजाडावें लागलें, आणि त्यासाठीं साने गुरुजींस प्राण पणास लावावे लागले.

तथापि आमच्या पदरीं कांहींच नाहीं असेंही नव्हे. सप्ताहाच्या अखेरीस आपण काला करतों. काला म्हणजे काय? गोपाळांनीं आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालविल्या व मिळून खाल्ल्या, त्याची ती आठवण. कीर्तनांत काला सर्वांचा, आणि कीर्तन संपल्यावर पंगत मात्र निवडलेली, हा विसंवाद आमच्या वारकरी बंधूंस खटकूं नये काय? आमच्या देवणीचें नांव गोधनासाठीं देशभर गाजलें आहे. वानेरा, बालंक्या, शेवरा हे रंगाचे भेद आमचा शेतकरी दुरून ओळखतो, आणि बैल घेतांना ही पारख कामाची. पण बाजारांतील पारख मांडवांत आणूं नये. तेथें भूक हीच एक ओळख पुरेशी आहे.

आमची सूचना अगदीं लहान आहे. यापुढें ज्या भंडाऱ्यास वा सप्ताहास आमचे व्यापारी बंधु वर्गणी देतील, त्यास त्यांनीं तीन अटी घालाव्या. पहिली, पंगत एकच. जो आधीं येईल तो आधीं बसेल, आणि वस्तीवस्तींत जाऊन बोलावणें केल्यावांचून पहिली पंगत बसणार नाहीं. दुसरी, रांधणारे व वाढणारे सर्व आळ्यांतले असावे. ज्याच्या हातचें खाण्यास संकोच वाटतो, त्याच्याच हातीं प्रथम पळी द्यावी. तिसरी, दात्याचें नांव कर्ण्यावरून पुकारूं नये. दात्यानें त्या दिवशीं निदान घटकाभर भांडीं घांसावीं. पैसे देणाराच्या शब्दास मांडवांत वजन असतें. तें वजन आजवर आपण बुंदी किती पाडावी हें ठरविण्यांत खर्च केलें. आतां तें या कामीं लावावें. यांत खर्च कांहींच वाढत नाहीं.

पुष्कळ जण नांदेडाहून येतांना प्रसाद आणतात. त्याबरोबर तेथील पंगतही आणतां येईल. ती वाटेंत नासत नाहीं. येत्या सप्ताहाच्या काल्यास वाढप्यांच्या यादींत आम्ही आपलें नांव आजच देत आहों. त्या म्हाताऱ्यास व त्याच्या नातवास घरीं जाऊन बोलावणें करण्याचें काम आमच्याकडे. शेजारीं कोण बसणार, तें वाचकांनीं ठरवावें.