धुऱ्यावरचा पराग

1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याच्या मगनवाडीतून त्याने मधमाशीपालनाचाही प्रसार केला. कौतुक झालं ते पेटीतल्या माशीचं. भिंतीच्या फटीत राहणारी, जेमतेम चार मिलिमीटरची, डंख नसलेली माशी उपेक्षितच राहिली. मध चमचाभर, मग तिला विचारतो कोण!

कडुनिंब, शेवगा, धुऱ्यावरची एकदांडी यांचा पराग ती मागच्या पायांवर लादून आणते आणि मेण-डिंकाच्या इवल्या बुडकुल्यांत मधापासून वेगळा साठवते. काहीशे मीटरपलीकडे ती फारशी जात नाही. म्हणजे पऱ्हाटीच्या धुऱ्यावर तणनाशक मारलं की तिचं ताटच गेलं.

या अंकातला मुख्य लेख धुऱ्यावरच्या फुलोऱ्यावर आहे. पंप भरण्याआधी वाचावा, ही विनंती.